आखाजीला पाहुणे येतील. साप दाखवू नका

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी तरुणी २६ वर्षांची. जळगाव जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी आई-वडील आणि आजीसोबत राहते, पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते. तिची एक मैत्रीण शिकायला परदेशी गेली आणि जाताना आपला पाळलेला बॉल पायथन, म्हणजे परदेशी जातीचा बिनविषारी छोटा अजगर, हिच्या स्वाधीन करून गेली. साप दीड वर्षाचा, दोन फुटांच्या आसपास. हिने हौसेने माशांच्या दुकानातून चार फुटी काचेचा टँक आणला, ऊन मिळावं म्हणून खिडकीपाशी ठेवला, खाली मैत्रिणीने दिलेली हीट मॅट लावली. आता महिना होत आलाय आणि सापाने एकदाही खाल्लेलं नाही. तीनदा जिवंत उंदीर सोडून झाला. साप कोपऱ्यात स्वतःचा चेंडू करून बसतो. सवय व्हावी म्हणून ती त्याला रोज संध्याकाळी हातात घेते, तर हल्ली तो फुत्कारतो. वडील माळकरी, त्यांना घरात उंदीर नकोत. आजी टँकपुढे दुधाची वाटी ठेवते आणि नातीला सुनावते, ‘देवले असं कोंडीसन ठेवानं नही, माय.’ आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या आणि चुलतबहिणी मुलांना घेऊन येणार आहेत आणि सगळ्यांना साप पाहायचाय. पुण्यातले एक हौशी गृहस्थ त्याला ठेवून घ्यायला तयार आहेत. तिचा प्रश्न: ‘तो माझ्याकडे रुळेल का? की त्याला मी आवडतच नाही? पाठवून देऊ का?’

प्रिय मैत्रिणी,

आधी एक घाईचं काम सांगते, मग सापाकडे येते. तुमच्या पत्रात टँकची मापं आहेत, उंदरांचा भाव आहे, कागदपत्रांबद्दल मात्र अवाक्षर नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ करारातल्या प्रजाती त्या दुरुस्तीने अनुसूची ४ मध्ये आल्या. बॉल पायथन साइट्सच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. त्यामुळे तो पाळणाऱ्याला २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि प्राणी ताब्यात आल्यापासून त्यासाठी ३० दिवस मिळतात. तुमचा महिना होत आलाय. आज रात्रीच मैत्रिणीला फोन करा. तिच्या नावावर नोंदणी असेल तर हस्तांतराची नोंद करायची आहे. नसेल, तर गप्प बसून काही मिटत नाही. सरळ वनविभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन काय करायचं ते विचारा. नोंदणीच्या कागदाची एक प्रत टँकच्या खोलीत ठेवा. तुमच्याकडे ‘अजगर’ आहे ही बातमी गावभर झालीच असणार. आपला सातपुड्यातला अजगर पाळणं हा गुन्हा आहे, आणि दारात आलेल्या माणसाला दोन्हींतला फरक तोंडी पटवणं अवघड जातं.

हे वाचून कुणा वाचकाला वाटेल, एवढी कटकट कशाला, शेतातून मांडूळ किंवा धामण आणून ठेवली तर? नाही. आपल्याकडचा कुठलाही रानातला साप घरात ठेवता येत नाही, बिनविषारी असला तरी. मांडुळाच्या बाबतीत तर गुप्तधनाच्या अफवांनी त्या बिचाऱ्या जातीचा आधीच पुरता छळ मांडलाय.

आता तुमचा खरा प्रश्न. त्याला तुम्ही आवडत नाही का? मला वाटतं, हा प्रश्नच बाजूला ठेवलेला बरा. साप तुमच्यावर रुसलेला नाही, आणि उद्या तो खायला लागला तर ते तुमच्यावर खूश होऊनही नसेल. सापाला माणसाचा वास ओळखीचा होतो, हा हात आपल्याला गिळत नाही एवढं त्याला कालांतराने कळतं, आणि मग तो हातावर शांत बसतो. यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवली की आपण चुकीच्या खुणा वाचायला लागतो. तुमच्या पत्रात ‘दिवसभर लपून बसतो’ ही तक्रार आहे. पण लपून बसणारा बॉल पायथन हा ठीक असलेला बॉल पायथन. हा साप मूळचा आफ्रिकेतला, सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या पट्ट्यातला. तिथे तो दिवस काढतो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत, आणि बाहेर पडतो रात्री. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो. त्याच्या नावातला ‘बॉल’ तोच. तुमच्याकडे त्याने महिनाभर चेंडूच केलाय, आणि ती जागा आहे चारी बाजूंनी पारदर्शक, उन्हातली, जिथे रोज संध्याकाळी वरून एक हात येतो. बिळात राहणाऱ्या प्राण्याला वरून येणारा हात म्हणजे घार.

तेव्हा पहिली गोष्ट: त्याला हातात घेणं आजपासून बंद. पाणी बदलायचं, घाण काढायची, बस. त्याने ओळीने तीन वेळा खाल्लं की मग हातात घ्यायचं, तेही थोडाच वेळ, आणि खाल्ल्यावर निदान दोन दिवस अजिबात नाही. सवय अशीच लागते. बहुतेक नवे पाळणारे उलटं करतात, आधी हाताळणी आणि मग जेवण. हा सल्ला इतका कंटाळवाणा आहे की तो कुणी पाळत नाही. सापाची काळजी घेणं हे बहुतांशी काही न करण्याचं काम आहे आणि हौशी माणसाला तेच जड जातं.

दुसरी गोष्ट ऊन, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण या सापाबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांत राहणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. त्यांची सगळी चिंता साप गरम कसा ठेवायचा ही. आपली चिंता एप्रिल ते जून बरोबर उलटी. टँकची एक बाजू ३१ ते ३३ अंश आणि दुसरी २५ ते २७ अंश असावी, असं सगळीकडे सांगतात आणि ते बरोबर आहे. साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही; तो गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकून आपलं तापमान राखतो. पण जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा बंद खोलीतच ३५-३६ अंश असतात. मग टँकमध्ये गरम बाजूही गरम आणि थंड बाजूही गरम. सापाला सरकायला जागाच उरत नाही. ३५ च्या वर तो फार वेळ राहिला तर जिवावर बेतू शकतं. त्यात तुमचा टँक खिडकीपाशी. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत जे होतं तेच काचेच्या टँकमध्ये होतं. आणि खाली हीट मॅट! ती आत्ताच्या आत्ता बंद करा. पुण्याच्या डिसेंबरासाठी घेतलेली वस्तू खानदेशच्या एप्रिलात चालवायची नसते.

टँक हलवा. घरातली सर्वांत थंड खोली शोधा, आणि ती बहुतेक वरच्या मजल्यावर नसेलच, कारण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता खाली सोडत राहतो. आजीचं जुनं धाब्याचं घर अजून उभं असेल तर तिथली आतली खोली याला स्वर्ग. नसेल तर तळमजल्यावरची, उत्तरेकडची, शक्यतो खिडकी नसलेल्या भिंतीची जागा. टँक खाली, पण थेट फरशीवर नको. मागची आणि दोन्ही बाजूंची काच वर्तमानपत्राने किंवा पुठ्ठ्याने बाहेरून झाका. उघडी फक्त पुढची.

कूलर आपल्याकडे घरोघरी असतो आणि या कामी तो खरोखर उपयोगाचा आहे. कोरड्या उन्हाळ्यात तो तापमान उतरवतो आणि हवेत ओल सोडतो. या सापाला ५५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, आणि आपल्या मेमधली कोरडी हवा त्याच्या बरीच खाली असते. फक्त कूलरचा झोत टँकवर येऊ देऊ नका, तो खोलीत फिरू द्या आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. वीज गेली तर? फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या कायम गोठवून ठेवा. दुपारी वीज गेली की एक बाटली जाड टॉवेलात गुंडाळून टँकच्या थंड बाजूला बाहेरून टेकवा. आत ठेवायची नाही, आणि सापावर गार पाणी शिंपडायचं नाही.

या सगळ्याला डोळे लागतात, म्हणजे दोन डिजिटल थर्मामीटर, आर्द्रता दाखवणारे. एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, आणि दोन्ही खाली, साप बसतो त्या पातळीवर. काचेला वर चिकटवायची गोल काट्याची तबकडी बिनकामाची आहे. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री पारा १० च्या आसपास उतरतो, तेव्हा मॅट पुन्हा लागेल, पण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, कधीच नाही. थर्मोस्टॅट नसलेल्या मॅटवर साप पोट भाजून घेतो आणि उठत नाही. अंडी उबवायच्या यंत्राला लावतात तो साधा डिजिटल थर्मोस्टॅट चालतो; बसवायला मात्र ओळखीचा वायरमन घ्या. मॅट टँकच्या तळाच्या तिसऱ्या हिश्श्याखालीच असावी, म्हणजे दुसरी बाजू थंड राहते.

आता टँकच्या आत काय. चार फुटी टँक दोन फुटी सापाला मोठा पडतो का, असं तुम्ही विचारलंय. लांबीची अडचण नाही, रिकामेपणाची आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एका टोकाला पाण्याचं भांडं, एका टोकाला प्लास्टिकचं झाड आणि मध्ये ओसाड रान. त्याला लपायच्या दोन जागा द्या, दोन्ही दिसायला सारख्या, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला. वेगवेगळ्या असतील तर त्याला आवडलेली जागा चुकीच्या तापमानात पडते आणि तो हट्टाने तिथेच बसून राहतो. कुंभाराकडून दोन लहान कुंड्या घ्या, कडेला साप जाईल एवढी खाच पाडा, खाचेची धार कानशीने घासा आणि पालथ्या घाला. आत साप वेटोळं घालून बसला की अंग तिन्ही बाजूंनी टेकलं पाहिजे. ऐसपैस जागा त्याला नको असते. मातीची कुंडी आपल्याकडे उन्हाळ्यात फार सोयीची, आठवड्यातून दोनदा बाहेरून ओली केली की आत गारवा आणि ओल राहते. मधल्या मोकळ्या रानात पुठ्ठ्याच्या नळ्या, वाळक्या फांद्या, नारळाच्या करवंट्या, काहीही टाका, म्हणजे त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडोशाने जाता येईल.

खाली सध्या वर्तमानपत्र अंथरा. दिसायला गरीब, पण विष्ठा लगेच दिसते आणि पिसवांसारख्या काळ्या चालत्या माइट्सही. तो खायला लागला की कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घाला. लाकडाच्या वखारीतला भुसा नको; त्यात चीड-देवदार असेल तर त्यातल्या तेलांनी सापाच्या श्वासाला त्रास होतो. आणि घराशेजारी केळीची बाग आहे म्हणून तिथली वाळकी पानं आणून घालायचा मोह होईल, तोही आवरा. त्यांच्यावर काय काय फवारलंय ते शेतकऱ्यालाच माहीत. त्याच कारणाने त्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विड किंवा झुरळांचा फवारा चालणार नाही. टँकचं झाकण घट्ट बसतं आणि त्याला कुलूप आहे ना, ते पाहा. माशांच्या टँकचं झाकण माशांसाठी असतं. मासा ते डोक्याने उचलत नाही.

खाण्याबद्दल. बॉल पायथन उपास करण्यात कुप्रसिद्ध आहे. धडधाकट मोठा साप काही महिने न खाताही तगतो. दीड वर्षाच्या सापाचा महिनाभराचा उपास लक्ष ठेवण्यासारखा आहे, घाबरण्यासारखा नाही. मैत्रिणीला फोन करालच, तर कागदांबरोबर हेही विचारा: तो तिच्याकडे काय खायचा, लहान उंदीर (माउस) की मोठा (रॅट), जिवंत की गोठवून वितळवलेला, किती दिवसांनी, रात्री किती वाजता, आणि शेवटची कात कधी टाकली. ती देत असेल गोठवलेला आणि तुम्ही देताय धावपळ करणारा जिवंत, तर साप त्याला अन्न समजेलच असं नाही. शिवाय घाबरलेला उंदीर चावतो. रात्रभर टँकमध्ये राहिलेल्या भुकेल्या उंदराने साप कुरतडल्याची उदाहरणं पाळणाऱ्यांना चांगली ठाऊक आहेत.

म्हणून आता दहा दिवस काहीच देऊ नका. टँक नव्या जागी गेला, लपायच्या जागा बसल्या, तापमान स्थिर झालं, की मग रात्री एक प्रयत्न. उंदीर मेलेला, आणि त्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी, जास्त नाही. गोठवलेला असेल तर रात्रभर फ्रिजच्या खालच्या खणात ठेवून, मग बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात गरम करायचा, कोरडा पुसायचा. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. या सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खळग्या असतात, गार उंदीर त्याला दिसल्यासारखाच नसतो. लांब चिमट्याने कुंडीच्या तोंडाशी धरा, हलकेच हलवा. घेतला नाही तर तिथेच ठेवून दिवा घालवा, खोलीतून बाहेर पडा, सकाळी उरला असेल तर उचलून टाका. पुन्हा प्रयत्न सात ते दहा दिवसांनी. रोज रोज पुढे केलात तर उंदीर हीच त्याला धास्ती होईल. त्याचे डोळे दुधाळ-निळे आणि अंग मळकट झालं असेल तर तो कात टाकायच्या बेतात आहे. तेव्हा तो खातच नाही, वाट पाहा. कात तुकड्यातुकड्यांनी निघाली तर हवा कोरडी आहे असं समजा. ओल वाढवा, ओढून काढू नका, डोळ्यांवरचा पापुद्रा तर मुळीच नाही.

घरात किंवा गोदामात पकडलेला उंदीर देऊ नका. त्याच्या पोटात उंदरांचं औषध असू शकतं, आणि तेच मग सापाच्या पोटात जातं.

दर पंधरा दिवसांनी त्याला कापडी पिशवीत घालून वजनकाट्यावर तोला आणि वहीत लिहा; या एका कामापुरतं त्याला हलवलं तर चालेल. काटा फक्त त्याचाच, स्वयंपाकघरातला नको. वजन दहावा हिस्सा घटलं, तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागला, नाकाशी बुडबुडे आले, मान वर करून आकाशाकडे बघत राहिला, तर मग सवय लागायची वाट पाहत बसायचं नाही, पशुवैद्य गाठायचा. तालुक्याचे डॉक्टर गुरांमध्ये तरबेज असतात, सापांशी त्यांचा संबंध क्वचित येतो. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारं कुणीतरी नाशिक, पुणे किंवा मुंबईत आत्ताच शोधून नंबर लिहून ठेवा, आणि फोनवर तुमच्या स्थानिक डॉक्टरांशी बोलायला ते तयार होतील का, तेही विचारून घ्या.

आता घरातली माणसं. वडिलांचा विरोध हट्ट आहे असं तुम्ही गृहीत धरलंय. त्यांच्या बाजूने पाहा. माळ घातलेल्या माणसाच्या घरात त्याला न विचारता जीव मारून खाणारा प्राणी आला, आणि त्याचं खाणं त्यांच्याच फ्रीजमध्ये राहणार. साप शाकाहारी होणार नाही, तेव्हा तडजोड माणसांनीच करायची. त्यांना नेमका आकडा सांगा: या वयाच्या सापाला दहा ते चौदा दिवसांतून एक, म्हणजे महिन्याला दोन-तीन उंदीर. जिवंत आणायचे नाहीत, घरात मारायचे नाहीत, तुमच्या पैशाने घेतलेला छोटा फ्रीज सापाच्या खोलीत राहील, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यातलं काही येणार नाही. एवढं सांगूनही ते नाही म्हणाले तर ते नाही ऐकायला शिका. घर त्यांचंही आहे.

आजीचं म्हणणं मला अर्धं पटतं. देव म्हणून असो की प्राणी म्हणून, कोंडलेला साप पाहून तिला वाईट वाटतं, यात अंधश्रद्धा कुठे आली? दूध मात्र थांबवा. सापाला दूध पचत नाही. तहानलेला साप जे समोर येईल ते पितो, एवढंच. नागपंचमीला हळद-कुंकू वाहायची वेळ येईल, तेव्हा ते टँकच्या बाहेर, पाटावर. ओठांवरच्या त्या खळग्यांत आणि नाकात पूड जायला नको, आणि धूप-कापूरही दुसऱ्या खोलीत. आजीला दुखवायचं नसेल तर तिला काम द्या. सकाळी आणि दुपारी तीनला दोन्ही थर्मामीटरचे आकडे वाचून वहीत लिहायचे. तुम्ही मीटिंगमध्ये अडकलेल्या असता त्याच वेळी खोली सर्वांत जास्त तापते. आकडा ३३ च्या वर गेला की आजीने हाक मारायची.

आखाजीचे पाहुणे. अंगणात झोका असेल, सांजोऱ्या असतील, आमरस असेल. मुलांना रमायला पुष्कळ आहे. सापाच्या खोलीला कुलूप लावा आणि टँकवर चादर टाका. आत्यांना फोनवरचा व्हिडिओ दाखवा. हे त्याच्या शांततेसाठी तर आहेच, पण मुलांसाठीही आहे: सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका यांना त्याचा त्रास जास्त होतो. त्याचं भांडं मोरीत भांड्यांसोबत घासू नका, आणि टँकला हात लावला की साबणाने हात धुवा. आजीनेही आकडे दुरूनच वाचायचे.

पाठवून देऊ का, या प्रश्नाचं माझं उत्तर: आत्ता नाही. त्याला पुन्हा प्रवास, पुन्हा नवी जागा, पुन्हा नवे वास, म्हणजे आतापर्यंतचा महिना वाया आणि हिशोब पुन्हा पहिल्यापासून. शिवाय मेच्या उन्हात जळगावहून पुणे, तोही साप घेऊन, हा वेडेपणा आहे. पाऊस पडून हवा थंड होईपर्यंत थांबा. तोवर वर सांगितलेलं सगळं नीट करा. माझा अंदाज आहे, टँक हलवल्यावर आणि हात बंद झाल्यावर तो खाईल.

पण तो खायला लागला म्हणून ठेवायचाच, असंही नाही. हे साप सांभाळले तर वीस-तीस वर्षं जगतात. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात २०२० साली साठी ओलांडलेल्या एका बॉल पायथन मादीने अंडी घातली होती. तुम्ही २६ च्या आहात. उद्या कंपनीने पुण्याला बोलावलं, लग्न ठरलं, भाड्याच्या घराचा मालक कटकट्या निघाला, तर? स्थळाच्या बायोडेटात छंद म्हणून ‘वाचन’ लिहिणं सोपं असतं, ‘एक बॉल पायथन, पुढची पंचवीस वर्षं’ लिहिणं अवघड. मैत्रिणीने तुम्हाला साप दिला तेव्हा हे बोलणं झालं होतं का? की तिची अडचण होती आणि तुम्हाला नाही म्हणता आलं नाही? पत्रात तुम्ही ‘तिच्या विश्वासाला तडा जाईल’ असं लिहिलंय, म्हणून विचारते. सापाला तुमची मैत्री माहीत नाही. पुण्याच्या गृहस्थांकडे जागा, अनुभव, डॉक्टर आणि कागद असतील, तर त्यांच्याकडे देणं हा पराभव नाही. त्यांना आधीच बजावून ठेवा की निर्णय पावसाळ्यात कळवीन. फक्त एक करू नका: कंटाळून त्याला शेतात किंवा सातपुड्यात सोडून देऊ नका. इथल्या रानात तो जगला तर त्याच्याबरोबर आलेले रोग इथल्या सापांना, आणि नाही जगला तर तो तसाच मेला.

शेवटचं, आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. टँक रिकामा दिसला तर तो बहुतेक घरातच असतो: फ्रिजच्या मागे, कूलरच्या खाली, कपड्यांच्या ढिगात. दारांशी फरशीवर पिठाची पातळ रेघ पसरून ठेवा, तो कुठून गेला ते सकाळी कळेल. पण अंगणात, गोठ्यात, लाकडांच्या ढिगात तपकिरी ठिपक्यांचा जाडजूड साप दिसला, तर ‘अगं, आपलाच’ म्हणून हात घालायचा नाही. घोणस तशीच दिसते. अंग जाड, वर तपकिरी ठिपके, आणि जोरात फुत्कारते; पावसाळ्यात तिची पिल्लंही असतात, आणि पिल्लूही तितकंच विषारी. महिनाभर एक बिनविषारी साप रोज हातात घेतलेल्या माणसाचीच इथे फसगत व्हायची भीती जास्त. लांब उभं राहून नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. चुकून दंश झालाच तर मांत्रिक नाही, जखम कापणं नाही, आवळून बांधणं नाही. हातपाय न हलवता, गाडीने, थेट सरकारी रुग्णालय. तिथे प्रतिविष मिळतं. तुमच्या गावापासून प्रतिविषाचा साठा असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कुठलं, ते याच आठवड्यात विचारून घ्या आणि तो नंबर पशुवैद्याच्या नंबराशेजारीच भिंतीवर चिकटवा.